आमच्या घरी राहणारा गवंडी

३ जानेवारी

धाकट्या,

आधी आशीर्वाद घे, मग तक्रार ऐक.

तुझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर प्रकाशकाचा पत्ता आहे, तिथेच हे पाठवतो आहे. ते लोक लेखकाला पुढे पाठवतात का, असं पोस्टातल्या माणसाला विचारलं. तो हो म्हणाला. खात्री वाटेना म्हणून पुन्हा विचारलं, तर म्हणतो, "आजोबा, मी पोस्टात आहे, ज्योतिषी नाही." तेव्हा पोचलं तर तुझं, नाही तर पोस्टाचं.

माझी नात आठवीत आहे. लहानपणी घरातली एक भिंत तिने कोरी ठेवली नाही म्हणून मी तिला खडूबाई म्हणतो. तिच्या शाळेत वाचनाच्या तासाला तुझं 'सारखेपणाचे शब्द' लावलं आहे. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यात व्हायच्या बेतात आहे, म्हणून रोज संध्याकाळी ती मला दोन पानं वाचून दाखवते. लिहायला मला अजून जमतं. फरश्यांचे आराखडे काढायच्या चौकटीच्या वह्या उरल्यात, त्यात ओळ वाकडी जात नाही. अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर त्याला कोणी वळण लावलं नाही.

पहिल्याच धड्यात तू इक्वल हा इंग्रजी शब्द घेतला आहेस. लॅटिनमध्ये त्याचं मूळ म्हणजे सपाट, एका पातळीतली जागा, आणि त्यातूनच पुढे समान, न्याय्य असे अर्थ निघाले, असं लिहिलं आहेस. हे मला फार आवडलं. खडूबाईला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. शेहेचाळीस वर्षं मी लोकांच्या जमिनी सपाट करत होतो आणि असा मोठा शब्द गुडघ्याखाली घालून बसलोय हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पण पान एक्केचाळीसवर चूक आहे.

तिथे तू लेव्हलच्या नळीबद्दल लिहिलं आहेस. पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी, एक टोक या भिंतीशी, दुसरं त्या भिंतीशी, आणि मधे घर कितीही वेडंवाकडं असलं तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. इथवर ठीक. पुढे लिहितोस, "मी माझ्या टोकावर अंगठा घट्ट दाबून धरत असे आणि पाणी आपोआप समान होई." अरे, होणार कसं? अंगठा फक्त नळी इकडून तिकडे नेताना लावायचा, पाणी सांडू नये म्हणून. भिंतीला टोक लावलं की दोघांनीही अंगठा काढायचा. एकानेही दाबून धरला तर पाणी जिथल्या तिथे अडकतं आणि खूण खोटी पडते. हे वाचून कोणी खरंच तसं करेल, मग न्हाणीघराचा ढाळ उलटा जाईल, पाणी मोरीकडे जायचं ते उंबऱ्याकडे येईल. दोन दिवस माझ्या डोक्यात तेच पाणी फिरतंय. छापील पुस्तक आहे, किती मुलांच्या हातात जाईल. कृपा करून दुरुस्त कर.

बाकी काही नाही. पुस्तकामागच्या फोटोत तुझे केस सगळे पांढरे दिसतात. माझे गेलेच.

खडूबाईला तू कोण ते सांगितलेलं नाही. तिच्या बापालाही नाही. तू आडनाव बदललंस, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नाही.

दादा

ता. क. त्याच पानावर नळीचं दुसरं टोक धरणारा जो आहे, त्याला तू "आमच्या घरी राहणारा एक गवंडी" म्हटलं आहेस. तो कोण? मी पुष्कळ आठवून पाहिलं. घरात आई होती, परांचीवरून पडून अंथरुणाला खिळलेले बाबा होते, तू होतास आणि मी होतो. पाचवा कोणी आठवत नाही.

२२ जानेवारी

धाकट्या,

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल आणि मी जरा कडक लिहिलं असेल. अंगठ्याबद्दल एवढं लिहायला नको होतं. तू मोठा माणूस झालास, तुला कामं असतील. तब्येत बरी आहे ना? बाबांना साठीनंतर छातीचा त्रास होता, तू तपासून घे.

आम्ही आता पान नव्वदवर आहोत. सगळं कळतं असं नाही, पण खडूबाई समजावते. मेट या शब्दाच्या मुळाशी अन्न आहे, एका ठिकाणी जेवणारा तो मेट. कंपॅनियन म्हणजे ज्याच्याबरोबर पाव वाटून खाल्ला तो. कॉम्रेड म्हणजे एका खोलीत झोपणारा. मी म्हटलं, बघ खडूबाई, तिकडच्या लोकांनासुद्धा सारखेपणा म्हटलं की आधी ताट आणि अंथरूणच आठवलं. ती म्हणाली, "आजोबा, हे वहीत लिहून घेऊ? बाईंना सांगते." मी म्हटलं, लिही, पण माझं नाव नको. एक नसता घोर नको.

मग तिने कॉम्रेडखालची गोष्ट वाचली.

तुझ्या गोष्टीत तुझे वडील कंत्राटदार आहेत. वाचून मला हसू आलं. बाबांना मेल्यावर बढती दिलीस. ज्यांच्या हाताखाली ते राबले त्यांच्या खुर्चीत नेऊन बसवलंस, बरं केलंस, आयुष्यभर उभेच होते. पण पुढे ऐकताना हसू जिरलं. वडिलांकडे कामाला असलेल्या गवंड्याला राहायला जागा नव्हती, म्हणून कोवळ्या वयात तू आईकडे हट्ट धरलास आणि त्याला आपल्या खोलीत घेतलंस. तू खाटेवर, तो खाली पोत्यावर. तू अभ्यास करायचास आणि तो "न समजताही कौतुकाने" ऐकत राहायचा. तुझं जेवण झालं की आई त्याला वाढायची, आणि तू म्हणायचास की आजपासून हा माझ्याबरोबरच बसेल.

धाकट्या, कुठली खाट? आपल्याकडे एकच खाट होती आणि तिच्यावर बाबा होते. आपण दोघं एका गोधडीत झोपायचो आणि तू लाथा मारायचास. आईने दोघांच्या मध्ये उशी ठेवली तर ती उशीही सकाळी माझ्या अंगावर असायची. आणि न समजता म्हणजे? तुझे पाढे मी घेत होतो. एकोणीसचा तुला कधीच आला नाही.

वाचून झाल्यावर खडूबाईने पानात बोट घालून पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "किती मोठं मन ना, आजोबा? एका कामकऱ्याला आपल्या खोलीत झोपू दिलं. आणि तेव्हा तर ते माझ्यापेक्षा लहान होते."

मी म्हटलं, "हो."

"तुम्ही पण गवंडी होतात ना? तुम्हाला कोणी असं भेटलं?"

मी म्हटलं, "मला असा कोणी भेटला नाही." खोटं नव्हतं ते.

सूनबाई आतून म्हणाली, "बाबा, डोळ्यांत औषध घातलं का? लाल झालेत." मी म्हटलं, आता घालतो.

पुढे पिअर हा शब्द होता. लॅटिनमध्ये बरोबरीचा, आणि मग इंग्लंडात राजाखालच्या बड्या सरदारांनाच ते नाव पडलं. हे वाचून मला तुझा थोडा उमज पडला. बरोबरीचा हा शब्दसुद्धा शेवटी वर बसणाऱ्यांनी उचलून नेला, मग माझी काय कथा.

धाकट्या, मी मागणं स्पष्ट लिहितो, नाही तर तू म्हणशील, म्हातारा आडून आडून बोलतो. शाळेच्या वाचनपेटीतल्या पुस्तकावर चिकटवलंय की सुधारित आवृत्ती लवकरच येते आहे. त्यात अंगठा दुरुस्त कर, आणि "गवंडी" राहू दे, गवंडी होतोच मी, पण त्याच्या पुढे "माझा मोठा भाऊ" एवढं घाल. तुझं नाव आहेच, माझं नको. पण त्या पोरीला, तिच्याच घरात बसलेला माणूस कोण होता, हे तुझ्या पुस्तकातून कळू दे. मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारा मोठ्या माणसाशी नातं जोडतोय.

दादा

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं. टाइप केलेलं आहे त्यामुळे डोळ्यांना बरं पडलं. भिंगाने वाचलं, खडूबाईला वाचायला दिलं नाही.

तू लिहितोस की अंगठ्याची दुरुस्ती नक्की करशील, लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहेस. तू मला आभारी आहेस म्हणतोस! लहानपणी चिंच दिली तरी हिसकावून पळायचास.

दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहितोस की ते एका शब्दाचं काम नाही. चाळीस वर्षं तू सगळीकडे एकुलता एक म्हणून वावरलास. नोकरीत, लग्नात, सासरी, भाषणांत. आता भाऊ घातला तर लोक विचारतील की मग तो इतकी वर्षं होता कुठे. माझी नात माझी आहे, पण तुलाही नातवंडं आहेत आणि त्यांच्यापुढे तुला मान खाली घालायला लावू नये, असं लिहिलंस. हे मी समजू शकतो, खरंच समजू शकतो. मला फक्त एक वाक्य समजत नाही. "आणि दादा, ही सुरुवात मी केली नव्हती, तूच केली होतीस."

तीन दिवस ते वाक्य घेऊन फिरतोय. खोटं असतं तर फेकून दिलं असतं.

हो. मीच केली. कोणाला कधी सांगितलं नाही, आता तुलाच सांगतो, जणू तू तिथे नव्हतास. तुला त्या मोठ्या शाळेच्या वसतिगृहात जागा मिळाली तेव्हा तुझी पेटी पोचवायला मी आलो. साइटवरूनच निघालो होतो, बदलायला वेळ नव्हता. हातांवर सिमेंट वाळलेलं, पँटचे गुडघे पांढरे. फाटकाशी तुझ्या वर्गातली तीन पोरं उभी होती, इस्त्रीचे कपडे. त्यांतल्या एकाने विचारलं, "हा कोण रे?" तू तुझ्या बुटांकडे बघायला लागलास. बूट नवे होते, माझ्या दोन आठवड्यांच्या कामाचे. तुझा कान लाल झाला. तू काही बोलला नाहीस, एवढं तुझ्या बाजूने मान्य. मीच म्हणालो, "मी यांच्याकडे कामाला असतो."

यांच्याकडे म्हणालो. तुला.

पेटी डोक्यावर घेतली, जिना चढलो, खोलीत ठेवली आणि म्हटलं, "येतो, धाकटे मालक." पोरं हसली. तू पण हसलास, सुटल्यासारखा. परत येताना मला स्वतःच्या हुशारीचं केवढं कौतुक वाटत होतं, तुला काय सांगू. पोराची लाज राखली, असं मनाशी म्हणत आलो. आईने विचारलं, "कसं काय झालं?" मी म्हटलं, "झकास."

पण धाकट्या, परांची बांधतात ती काम होईपर्यंत. प्लास्टर वाळलं की सोडतात. कोणी तिच्यावर खोल्या चढवून संसार थाटत नाही. मी तुला ते वाक्य फाटकापासून जिन्यापर्यंत दिलं होतं. दिवाळखोर माणसाने उसनी वस्तू स्वतःची म्हणून छापावी तसं तू ते पुस्तकात छापलंस. आणि छापलंस कुठे, तर सारखेपणाच्या पुस्तकात!

बाबांच्या आणि आईच्या वेळी तू आला नाहीस तेव्हाही मी मनात तुझीच बाजू घेतली. परीक्षा असेल, रजा मिळाली नसेल. माझा मुलगा तेव्हा अजाण होता; बाकी सगळे म्हणायचे, भावाने टाकलं. मी भांडायचो त्यांच्याशी. आता कोणत्या तोंडाने भांडू? पान नव्वदवर तुझ्याच हातचं लिहिलेलं आहे.

मान खाली घालायला मी तुला लावत नाही. मोठेपणी माणूस म्हणतो ना, लहानपणी मला लाज वाटली होती, आता तिची लाज वाटते. एवढं लिही. तुला लिहायला येतं. लोक उलट टाळ्या वाजवतील.

तुझा, कामाला असलेला नव्हे,
दादा

ता. क. कागद तुझा चांगला जाड आहे. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर सूनबाईने किराणा लिहिला.

१९ मार्च

धाकट्या,

शाळेतून चिठ्ठी आली आहे. पुढल्या आठवड्यात तू येणार, मुलांशी बोलणार, नव्या आवृत्तीच्या प्रती देणार. खडूबाईला लेखकाला एक प्रश्न विचारायला निवडलं आहे. घरात आनंदीआनंद. मुलगा म्हणतो, आपल्या सात पिढ्यांत कोणी लेखकाशी बोललं नव्हतं. मी दाढी करत होतो, हनुवटीला कापलं.

तू घाबरू नकोस. पालकांना बोलावलं आहे, पण मी येणार नाही. गर्दीत मला गुदमरतं आणि खुर्च्या प्लास्टिकच्या असतात, त्या माझ्या कमरेला चालत नाहीत.

नवी आवृत्ती तू आधी पाठवशील असं वाटलं होतं. नाही आली. टपालात गहाळ झाली असेल. हल्ली पोस्टाचा भरवसा नाही.

तिने प्रश्न कोणता काढलाय ते मला सांगत नाही. म्हणते गंमत आहे. धाकट्या, ती चुणचुणीत आहे. ती काय विचारेल कोण जाणे. जे विचारेल त्याला तू बरं उत्तर दे. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी. तिने तुझ्यासाठी दोन वेण्या घालायचं ठरवलं आहे, एरवी एकीलाच रडते.

दादा

२८ मार्च

मी आलो होतो.

तिसऱ्या ओळीत, खांबाशेजारी. मुलगा म्हणाला, "बाबा, चला की, तुमच्याच कामाचं लिहिलंय त्यांनी." काय सांगणार त्याला? इस्त्रीचा शर्ट घातला. नखं कापली. त्या तीन पोरांतला एखादा तुझ्याबरोबर येईल अशी धास्ती वाटत होती, वेड्यासारखी. आता त्यांचीही तोंडं बोळकी झाली असतील.

तू व्यासपीठावर आलास. व्यासपीठ डावीकडे दोन बोटं उतरतं आहे, तुला खुर्चीत जाणवलं असेल. बोललास छान, खोटं कशाला बोलू. फेलो या शब्दाचं मूळ सांगितलंस, आपापलं धन एका ठिकाणी आणून मांडणारे ते फेलो. रायव्हलचंही सांगितलंस, एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे. मुलं हसली. मी पण हसलो. आवाज अगदी बाबांचा झालाय तुझा. पडायच्या आधीच्या बाबांचा.

मग प्रती वाटल्या. मुलाच्या हातातून घेऊन मी भिंगाने आधी पान एक्केचाळीस बघितलं. "दोघांनीही अंगठा काढावा" असं आता बरोबर छापलं आहे. खाली बारीक अक्षरात, एका जाणकार वाचकाने ही चूक दाखवून दिली, त्यांचे आभार. आणि वर गवंडी होता तिथेच. "आमच्या घरी राहणारा." एक अक्षर हललेलं नाही. तेव्हा आता मी तुझ्या पुस्तकात दोनदा आहे, धाकट्या. एकदा गडी म्हणून आणि एकदा वाचक म्हणून. भाऊ म्हणून जागा उरली नाही.

तेवढ्यात खडूबाई उठली. तू तिचा आवाज ऐकलास. अजिबात कापत नव्हता. "सर, मला पुस्तकात सगळ्यात जास्त ते गवंडी आवडले. ते आता कुठे असतात? त्यांनी हे पुस्तक वाचलं का?"

तू तिच्याकडे बघितलंस. मग ती ज्या ओळीतून उठली होती तिच्याकडे. मग खांबाकडे. तू मला ओळखलंस, नाही म्हणू नकोस. तुझा कान लाल झाला. चाळीस काय नि पन्नास काय, कान तोच आहे. तू पेल्यातलं पाणी प्यालास, आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. शपथेवर सांगतो, मला वाटलं, आता बोलतो हा. पोरीने विचारलंय, आता बोलेल. मी मांडीवरची टोपी हातात घेतली, उठायला लागलं तर असावी म्हणून.

तू म्हणालास, "तो गेला, बाळ. बरीच वर्षं झाली. फार निर्मळ माणूस होता."

खडूबाई उभ्या उभ्याच रडायला लागली, सगळीकडून हळहळ ऐकू आली. मुख्याध्यापकबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. माझ्या शेजारचे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "अशी माणसं आता राहिली नाहीत हो." मी म्हटलं, "नाही खरी." दुसरं काय म्हणणार? स्वतःच्या मरणाला बसलो होतो, शेजाऱ्याशी वाद कसा घालू?

धाकट्या, गडी म्हणालास ते मी तुला शिकवलं होतं. हे नाही शिकवलं. हे तुझं तू काढलंस, माझ्या तोंडाकडे बघत.

परत येताना खडूबाई मान खाली घालून चालत होती. तिच्या दोन्ही वेण्या सुटल्या होत्या. म्हणाली, "मला वाटलं होतं ते जिवंत असतील. मी त्यांना पत्र लिहिणार होते." मुलगा पानवाल्याकडे थांबला होता. मी काय करायला हवं होतं ते सांग. तू शिकलेला आहेस. मी सांगून टाकलं. "खडूबाई, तो मेलेला नाही. तो मी आहे. आणि तो लेखक माझा धाकटा भाऊ आहे."

तिने मला वेड्यात काढलं नाही, हे नशीब. पण विश्वासही ठेवला नाही. कोपऱ्यापर्यंत ती पुढे पुढे चालली. मग थांबून विचारलं, "नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर काय करतात? पुस्तकात नाहीये ते."

मी म्हटलं, "दोन्ही टोकं एकत्र उंच धरायची, नळीवर टिचक्या मारत बुडबुडा वर आणायचा. आणि टोकं शेजारी शेजारी धरून आधी पाणी सारखं लागतंय का बघायचं. मगच भिंतीपाशी जायचं."

तिने माझ्याकडे बघितलं. मग फोटोतल्या तुझ्याकडे, मागच्या पानावरच्या. मग परत माझ्याकडे. म्हणाली, "नाक तेच आहे." आणि पुढच्याच क्षणी रागावली. तुझ्यावर नाही रे, माझ्यावर! "मग तुम्ही उठला का नाहीत?"

मी म्हटलं, "उठलो असतो तर तो सगळ्या शाळेपुढे खोटा पडला असता."

"आणि माझं काय? मी सगळ्यांसमोर रडले, आजोबा. कोणासाठी रडले मी?"

घर येईपर्यंत तिने माझा हात धरला नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा नाही.

तुझी लाज मी दोनदा राखली. पहिल्यांदा माझ्या मोलाने, आता तिच्या. हे मला परवडत नाही.

२ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र छोटं आहे.

काल खडूबाईच्या वर्गाच्या बाई घरी आल्या. तिने त्यांना सगळं सांगितलं होतं. मी तिला सांगू नको म्हटलं नव्हतं, म्हणायचं सुचलंही नाही. बाई तरुण आहेत, चप्पल बाहेर नीट जोडून ठेवली. सूनबाई पाणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. मुलगा खुर्चीच्या काठावर बसला. त्या दोघांनाही तेव्हाच कळलं. मुलाने खुर्ची माझ्याकडे ओढली. मग म्हणाला, "बाबा, मला काका आहे?" चाळिशी ओलांडलेल्या माणसाने लहान पोरासारखं विचारलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी फक्त माझाच भाऊ लपवला नव्हता.

बाई म्हणाल्या, "शनिवारी वर्गात याल का? मुलांना लेव्हल कशी काढतात ते दाखवा. पाठ्यपुस्तकापेक्षा बरं समजेल." मी म्हटलं, नळी घरी आहे, गच्चीवर, बघतो, चिरली नसेल तर. नको तेवढं बोलत राहिलो. त्या थांबल्या आणि जरा घुटमळत विचारलं, "आजोबा, मुलांना आपली ओळख काय करून देऊ? म्हणजे… सर तर म्हणाले होते की…"

दारातून सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हाला नसेल जमत तर नका जाऊ. उगीच रक्तदाब वाढेल."

खडूबाई जमिनीकडे बघत होती. ही जमीन मीच बसवली आहे, मुलाच्या लग्नाआधी.

तुझा विचार आला. तुझ्या नातवंडांचा आला, त्यांची नावंही मला माहीत नाहीत. बाई त्या शाळेत आहेत, शाळेतून गोष्ट बाहेर जाते, वर्तमानपत्रातही जाईल, तुझा सत्कार असेल कुठे, तिथे कोणी विचारेल. हे सगळं डोक्यात आलं. नेहमीसारखं तुझ्या बाजूने काहीतरी बोलून टाकणार होतो. योगायोगाने सारखी गोष्ट असेल, सर दुसऱ्या गवंड्याबद्दल म्हणाले असतील. वाक्य तयार होतं.

मी म्हटलं, "ओळख तुम्ही नका करून देऊ, बाई. माझी मी देईन."

तेव्हा शनिवारी सकाळी साडेआठला आठवीच्या वर्गात मी सांगणार आहे की मी गवंडी आहे, जिवंत आहे, आणि तुमच्या पुस्तकाच्या लेखकाचा मोठा भाऊ आहे. तुझ्याबद्दल वाईट बोलणार नाही. फाटकाशी मी काय म्हणालो होतो तेही सांगेन, ते माझ्याकडे लागतं. त्यांनी विचारलं, मग ते खोटं का बोलले, तर म्हणेन, हे त्यांना विचारा, पत्ता पहिल्या पानावर आहे. एका वर्गात बेचाळीस मुलं आहेत. उत्तरं लिहायची तयारी ठेव.

आधीच्या सगळ्या पत्रांत मी तुला काही ना काही मागत होतो. हे तसं नाही. परवानगी नको आहे. कळवतो आहे.

दादा